आमटी म्हणून चांगलीच आहे

आमच्या घरात हॉटेलातलं जेवण हॉटेलात कधीच संपलं नाही. बिल देऊन, बडीशेपेची चिमूट तोंडात टाकून आम्ही बाहेर पडायचो, तेव्हा बाकीच्या जगाच्या हिशेबी जेवण उरकलेलं असायचं. आमचा फक्त जागेचा पंचनामा झालेला असायचा. खरा खटला पुढे पंधरा दिवस डोंबिवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये चालायचा. याच्या मुळाशी आईचं एक वाक्य होतं. कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही पदार्थाचा पहिला घास गिळला की ती चमचा खाली ठेवून म्हणायची, "यात काय आहे? हे घरी होतं."

हे तिने उडप्याकडे म्हटलं, इराण्याकडे म्हटलं, आणि एका लग्नात तीनमजली केकसमोर उभं राहून नवरीच्या आईलाही ऐकवलं.

तिची तपासाची पद्धत ठरलेली होती. आधी नुसता वास. मग बोटाच्या टोकावर थेंबभर रस्सा. मग डोळे मिटून, जीभ टाळूला लावून एक लांबलचक शांतता. त्या शांततेत मी आणि माझा भाऊ चमचे हवेत धरून बसायचो, कारण तपास पुरा होईपर्यंत लिंबू पिळायला बंदी होती. लिंबाने पुरावा नष्ट होतो. मग एकेका आरोपीचं नाव बाहेर यायचं. "धणे आहेत. भाजून घेतलेत. खसखस. दालचिनी… नाही, दालचिनी नाही. दगडफूल!" शेजारच्या टेबलावरचे लोक दगडफुलाच्या वेळी हमखास वळून बघायचे.

अण्णांकडे आर्थिक बाजू होती. ते रेल्वेत, हिशेब खात्यात. मेन्यूकार्डावरची किंमत बघितली की त्यांचं पेन खिशातून आपोआप वर यायचं. "बटाटे दोन, कांदा एक, तांदूळ-उडीद मूठभर. तेल… जाऊ दे, जास्तच धरू. अडीच रुपयांच्या वर जात नाही. आणि हा बारा घेतो!" या बेरजेत गॅस नसायचा, आदल्या रात्रीचं भिजवणं-वाटणं नसायचं, आईचे चार तास नसायचे. मजुरीच्या रकान्यात अण्णांनी जन्मभर शून्य मांडलं. आईनेही त्याला कधी हरकत घेतली नाही, उलट साडेनऊ रुपये वाचले म्हणून तीच जास्त खूश व्हायची. हे मला आता कळतं. तेव्हा मी लिंबाची वाट बघत होते.

साक्षीदार म्हणून वेटरला बोलावलं जायचं. "अहो दादा, यात खोबरं ओलं घालतात की सुकं?" वेटरांचे दोन प्रकार असतात. एक "आत विचारून सांगतो" म्हणून जातो तो पुन्हा त्या टेबलाकडे फिरकत नाही, पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवतो. दुसऱ्याला वाटतं बाईंची तक्रार आहे, म्हणून तो घाबरून चटणीची वाटी भरून आणतो. आईला उत्तर कुठल्याच प्रकाराकडून मिळालं नाही, पण चटणी पुष्कळ मिळाली.

'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी असलेल्या ठिकाणी मात्र आई तत्त्व म्हणून पाऊल टाकत नसे. "घरगुतीच खायचं तर घर काय वाईट आहे?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि भूक लागलेली असायची.

या कायद्याला एकच अपवाद होता. आमच्या घरात मटण शिजत नसे, बाहेर चालत असे. म्हणजे मटण हा आईच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा पदार्थ होता. 'हे घरी होतं' म्हणायची सोयच नाही! अण्णा मटणाचं ताट घेऊन बसले की आई दुसरीकडे बघायची, वास घ्यायची नाही, मसाला ओळखायची नाही, वेटरला बोलवायची नाही. अण्णा शांतपणे, पहिल्या घासापासून शेवटच्या नळीपर्यंत, पेन खिशात ठेवून जेवायचे. त्यांना मटणाची ओढ होती ती चवीपेक्षा या शांततेची असावी, असा माझा दाट संशय आहे.

पहिला मोठा खटला डोशाचा. माटुंग्याला, स्टेशनजवळच्या उडप्यांच्या त्या जुन्या वस्तीत, आईने आचाऱ्याला डोसा घालताना काचेतून बघितलं. एवढा मोठा, पाटासारखा जाड लोखंडी तवा. त्यावर आचाऱ्याने पाण्याचा हबका मारला आणि चक्क झाडूने तवा झाडला. चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, मग पिठाचा पळा गोल गोल. आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नंतर फक्त कोडं सुटलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितलंय. "झाडू!" ती म्हणाली. "तरीच माझे चिकटतात."

दुसऱ्या दिवशी बाजारातून हिराची नवी कोरी छोटी झाडणी आली. धुऊन, उन्हात वाळवून ती ओट्यावर ठेवली गेली. आणि तिथे आजी आली. आजीला आम्ही अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहायचं, तीच लक्ष्मी सूनबाई पेटत्या गॅसवर धरून उभी आहे, हे दृश्य तिने दारातून बघितलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. "कुठे शिकलीस गं हे?" एवढंच म्हणाली. आईने सांगितलं, "माटुंग्याला." त्यानंतर आजीच्या लेखी माटुंगा हे वाया गेलेलं गाव ठरलं ते ठरलंच.

डोसा व्हायचा नव्हता. हॉटेलचा तवा जाड असतो, खालून सगळीकडून तापतो आणि ताप धरून ठेवतो. आमच्या बिडाच्या तव्याखाली गॅसचं कडं तळहाताएवढं. मध्ये काळा ठिपका, कडा पांढऱ्याफटक. अण्णांनी तो काट्याने उचलून बघितला आणि चुकून खरं बोलले, "अगं, हे धिरडं झालंय."

आईने शांतपणे विचारलं, "धिरडं केलंय असं सांगितलं असतं तर खाल्लं असतंत की नाही?"

"खाल्लं असतं."

"मग खा."

आमच्या घरचं पाकशास्त्र त्या दिवशी जन्माला आलं. पदार्थ कधी बिघडत नसतो, त्याचं नाव चुकलेलं असतं. बसलेला केक 'रव्याची वडी' म्हणून खपला. तुपात विरघळलेले गुलाबजाम दुधात सोडले आणि 'खव्याची खीर' म्हणून पाहुण्यांना वाढले. पाहुण्यांनी पाककृती विचारली तेव्हा आई म्हणाली, "वेळखाऊ आहे, आधी गुलाबजाम करायला लागतात." फुगले नाहीत ते भटुरे तिखटमीठ लावून 'कडक पुऱ्या' झाले आणि प्रवासात आठ दिवस टिकले. आईकडे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होती, १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाची बांधणी सुटलेली, हळदीचे डाग पडलेली प्रत. त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर तिची देवासारखी श्रद्धा. पण देवासारखीच म्हणजे हात जोडायचे आणि आपल्याला हवं ते करायचं. पदार्थ फसला की मात्र पुस्तक उघडलं जायचं. आता हे कशाच्या जवळ जातंय, हे शोधायला.

आई निर्विवाद जिंकली असा एकच खटला, पीयूषचा. दादरच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणावड्यानंतर ती तो प्यायली आणि दुसऱ्या घोटाला म्हणाली, "श्रीखंड आणि ताक." घरी आली, श्रीखंडात ताक घुसळलं, जायफळ किसलं, केशराच्या दोन काड्या घातल्या. हुबेहूब! आम्ही चौघं ग्लास घेऊन बसलो आणि कुणालाच काही बोलायला सुचेना. नवं नाव द्यायला नाही, वाद नाही, अण्णांना सुधारणा नाही. जरा सुनं सुनंच वाटलं. पीयूष आमच्याकडे पुन्हा फारसा झाला नाही.

बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' हे १९२३ सालचं पारशी-इराणी हॉटेल. अण्णांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी निवृत्तीनिमित्त आम्ही तिथे गेलो. तिथल्या प्रसिद्ध बेरी पुलावावर लालचुटुक आंबट फळं पेरलेली असतात, ती इराणहून येतात. आईने एक फळ दाताखाली धरलं, डोळे मिटले, आणि आम्ही श्वास रोखला. "करवंद," ती म्हणाली. अण्णांनी इराण आणि कोकण यांमधलं अंतर सांगायचा प्रयत्न केला. पुढच्या मे महिन्यात आजोळहून करवंदांची परडी आली आणि भातात गेली. भात जांभळा झाला. करवंदाचा चीक जो असतो तो ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. दातांना दात चिकटल्यामुळे त्या दिवशी अण्णा हिशेब मोठ्याने वाचू शकले नाहीत. तो 'करवंदी भात' म्हणून नोंदला गेला, पण त्याच्यापुढे 'चांगलाच आहे' हे आई म्हणाली नाही. तीही बोलू शकत नव्हती.

आणि मग कोल्हापूर.

माझ्या बारावीच्या सुट्टीत आम्ही अंबाबाईला गेलो. दर्शन झालं, आणि सकाळी सकाळी उद्यमनगरात फडतऱ्यांच्या मिसळीच्या रांगेत उभे राहिलो. आत बाकं, वाफ, आणि स्टीलच्या ताटल्यांचा आवाज. मुंबईकराला पहिला धक्का तिथे पावाचा बसतो: कोल्हापूरकर मिसळीबरोबर पाव देत नाही, स्लाइसचा ब्रेड देतो. दुसरा धक्का समोर येतो तो रंगाचा. फरसाण, मटकी, वरून बारीक कांदा, आणि त्या सगळ्याला बुडवून टाकणारा कट. कटावर बोटभर लाल तरी, इतकी तुकतुकीत की वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसावं. तिखट लागतं, पण कुठे लागतं ते नीट सांगता येत नाही. कानाच्या मागे घाम येतो आणि हात पुन्हा ब्रेडकडे जातो. भावाने नाक पुसत आणखी कट मागितला. वाढप्या म्हणाला, "घ्या की. कट काय संपत न्हाई."

आईने चमचा खाली ठेवला. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. बराच वेळ गेला. मग ती उठली आणि कुणाला काही न विचारता मिरच्या विकत घ्यायला बाजारात गेली.

कोल्हापूरच्या तिखटाची गंमत अशी की त्यातली ब्याडगी ही रंगाची मिरची आणि संकेश्वरी ही झणक्याची, दोन्हीची गावं कर्नाटकात. सीमाप्रश्न मिरचीने केव्हाच सोडवून टाकलाय, माणसांचंच अजून भिजत घोंगडं आहे. आईने दोन्ही घेतल्या, वर लवंगी घेतली, सुकं खोबरं, तीळ, लसणाच्या गड्ड्या घेतल्या. दुकानदार बाईंनी कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण तोंडी सांगितलं आणि एक सावधगिरीची सूचना दिली, "भाजायचं काम अंगणात करा हं ताई. आणि कांडायला डंकावरच न्या."

आम्हाला अंगण नव्हतं. आम्हाला दुसरा मजला होता.

मिरच्या कढईत पडल्या तेव्हा पहिलं मिनिटभर काहीच झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला बाहेरच्या खोलीत अण्णा शिंकले. तिसऱ्या मिनिटाला जो खकाणा उठला तो आधी आमच्या घरात, मग जिन्यात, मग जिन्याने वर आणि खाली असा दोन्ही दिशांना गेला. कोल्हापूरच्या बायका वर्षाचा मसाला उघड्यावर का करतात, हे चार मजल्यांच्या त्या इमारतीला एकाच वेळी समजलं. वरच्या मजल्यावर बाळ रडायला लागलं. कुणाच्या तरी हातून जिन्यात बादली सुटली. खालचे काका टॉवेलने नाक झाकून दारात आले. "वहिनी, काही जळतंय का?"

"जळत नाहीये हो," आई डोळे पुसत, खोकत म्हणाली, "मिसळ होतेय."

काका त्या संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून जेवले. त्यांच्या घरी तेव्हा दोडक्याची भाजी होती आणि ती आयुष्यात पहिल्यांदा चविष्ट लागली, असं ते पुढे सांगायचे.

मसाला उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी मटकीला मोड आलेले होते, वाटण परतून झालं, पाणी पडलं, पातेलं उकळायला लागलं. आईने भावाला तरीवर लक्ष ठेवायला बसवलं आणि ती कांदा चिरायला घेऊन बसली.

"तरी आली का?"

"अजून तरी नाही," भाऊ म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसला म्हणून धपाटा खाल्ला.

तरी आली नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. पातेल्यात विटकरी रंगाचं काहीतरी सालस, सुस्वभावी उकळत होतं. कारण साधं होतं आणि आईला ते माहीत होतं. मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं, आणि सुटायला मुळात तेल घालावं लागतं. पण दोनच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी अण्णांना तेल बेतानं खायला सांगितलं होतं आणि आईने दर महिन्याच्या डब्यावर बॉलपेनने रेघ मारून ठेवली होती. कोल्हापूरची मिसळ रेघेच्या खाली होत नाही. कढईपाशी तिने तेलाची बरणी दोनदा उचललेली मी बघितली. दोनदा खाली ठेवली.

कोपऱ्यावरच्या बेकरीतून स्लाइसचा ब्रेड आला. ताटल्या मांडल्या. अण्णांनी ताटलीत वाकून बघितलं. तोंड दिसलं नाही. एक घास घेतला. दुसरा घेतला. मग त्यांनी, वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आलेल्या सावधपणाने, चमचा हळूच खाली ठेवून विचारलं, "अगं, ही… आमटी आहे ना?"

कुणी काही बोललं नाही. खालून गॅलरीतून काका खोकल्याचा आवाज आला.

"आमटी म्हणून खा मग," आई म्हणाली. "आमटी म्हणून चांगलीच आहे."

आणि होती हो. खोटं कशाला बोलू? कांदा-लसणाचा तो ताजा मसाला, मटकीचा गोडवा, पोटाला त्रास नाही, घामाची धार नाही. अण्णांनी चार स्लाइस खाल्ले आणि हिशेब करायचं विसरले. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी आमच्याकडे 'ब्रेडची आमटी' व्हायला लागली. पाहुण्यांना ती कळायची नाही. ब्रेडबरोबर आमटी कोण खातं? आम्ही खायचो.

२०१५ साली दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. अण्णांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आई वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांनी आपली आमटी कुठे खाल्लीय?"

आता मी पुण्यात असते. माझा मुलगा सुट्टीत डोंबिवलीला राहून आला आणि गेल्या महिन्यात एका रविवारी म्हणाला, "आई, आजी करते ती आमटी कर ना. ब्रेडची." मी आईला फोन लावला. तिने प्रमाण सांगितलं: मटकी अंदाजाने, मसाला अंदाजाने, पाणी बेताने. तेलाचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमच्या डब्यावर रेघ नाही.

मी वाटण परतायला घेतलं आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने झारा, गॅस बारीक. तो साहेब वीस मिनिटं बोलला. पाणी घालून झाकण ठेवलं. उकळी आल्यावर झाकण काढलं आणि मी बघतच राहिले. पातेल्यावर बोटभर तरी. लाल, तुकतुकीत, काठाकाठाने थरथरणारी. वाकून बघितलं तर चष्म्यासकट माझं तोंड. आईने जन्मभर जिची वाट बघितली ती, कुणी न बोलावता, माझ्या पातेल्यात येऊन बसली होती.

मुलाने ब्रेड बुडवला, खाल्ला, आणि त्याचा चेहरा पडला. "ही आजीसारखी नाही झाली," तो म्हणाला. "हॉटेलसारखी लागतेय."

मी पातेल्याचा फोटो काढून डोंबिवलीला पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. पलीकडे शांतता होती, ती जुनीच, जीभ टाळूला लावलेली, जणू फोटोही चाखून बघता येतो. मागून अण्णांचा आवाज आला, "अगं, बघ तरी! तरी आलीय तिला!"

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "तेल जास्त पडलं गं तुझं."

"मग आता काय करू?"

"करायचंय काय? मिसळ म्हणून खा."